दाद कोणाकडे मागावी?

कामणांतील आमच्या ओटीवर सायंकाळीं मंडळी जमली, कीं घर आणि गांवकारभार हा विषय हटकून निघतो.

3 जुलै 2009 रोजीं चार नगरपरिषदा व आसपासचीं 53 गांवें मिळून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गांवें वगळावींत, या मागणीचे पुरस्कर्ते श्री. विवेक पंडित त्याच वर्षीं अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून गेले. वेठबिगारी मोडण्यासाठीं आदिवासींत झटलेले हे गृहस्थ. त्यांच्या शब्दास वजन होतें. 2011 सालीं शासनानें 29 गांवें वगळण्याचें ठरविलें. परंतु तंटा उच्च न्यायालयांत गेला आणि वर्षानुवर्षें रेंगाळला.

मीही गांवाच्याच पक्षाचा होतों. ग्रामसभेंत सरपंचास समक्ष जाब विचारतां येतो, हें सुख थोडें नव्हे. महानगरपालिकेंत तर 2020 सालीं लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपल्यावर कित्येक वर्षें प्रशासकाचाच अंमल राहिला. तेव्हां जाब विचारावा तरी कोणास?

परंतु खरें सांगावयाचें तर, परवानगीवांचून चाळी उठल्या त्या ग्रामपंचायतीच्या काळींही. आणि जमिनी विकल्या त्या आम्हींच. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सारी पुंजी घालून अशाच एका चाळींत खोली घेतली. "गुरुजी, कागद पाहतां का?" म्हणून तो आला, तो पैसे देऊन झाल्यावर! कागद वाचून मी गप्प बसलों. त्यास शब्दरूपें पाठ करविलीं. सातबारा वाचावयास मात्र शिकविलें नाहीं.

हल्लीं ओटीवर येणाऱ्या प्रत्येकास मी प्रथम एवढेंच विचारतों : बाबा, अजून पैसे दिले नाहींस ना?