वारीच्या वाटेवर कॅमेरा

मंडळी, यंदा माउलींच्या पालखीबरोबर चालणार असाल आणि घरातल्या पोराने कॅमेऱ्याचा हट्ट धरला असेल, तर त्याची पिशवी आधी तुम्ही उचलून पाहा. पुणे ते सासवड ही तीसएक किलोमीटरची चाल, त्यात दिवेघाटाची चढण. सकाळी हलके वाटलेले ओझे घाटात खांदा कापते.

मग न्यावे काय? एक कॅमेरा आणि एकच लेन्स, २४ ते १०५ मिलिमीटरची. घाटातल्या दिंड्यांची रांग २४ वर मावते. चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणात धावणारा अश्व १०५ वर जवळ येतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवावे, म्हणजे अश्व पुसट येत नाही. तीन पायांचा स्टँड घरीच बरा. गर्दीत तो वारकऱ्यांच्या पायांत येतो. जादा बॅटरी, सुती फडके आणि जाड प्लॅस्टिकची पिशवी मात्र हवीच. आषाढातला पाऊस सांगून येत नाही.

आणि एखाद्या आजीचा फोटो घ्याल, तर आधी "माउली, घेऊ का?" असे विचारा. गावाचा पत्ता लिहून घ्या, एक प्रत पाठवा. कदाचित तिच्या घरच्या भिंतीवर तिचा तेवढाच फोटो असेल.