पंखा कोणासाठीं?

छताचा पंखा विकत घेण्यास फारशी विचारशक्ति लागत नाहीं, असा एक सार्वत्रिक समज आहे. दुकानांत जावें, भिंतीच्या रंगास साजेल असा एक पाहावा, भावाचे दोन शब्द बोलावे आणि खोकें घेऊन घरीं यावें, एवढ्यानें तें काम उरकतें असें मानण्यांत येतें. वऱ्हाडचा उन्हाळा ज्यांनीं भोगला आहे, त्यांनीं तरी असें मानूं नये. अमरावती-अकोल्याकडे वैशाखांत उष्णतामान ४५ अंशांच्या घरांत जातें. अशा मुलुखांत पंखा ही शोभेची वस्तु नसून, वृद्धांच्या आणि तान्ह्या मुलांच्या प्रकृतीचा तो प्रश्न असतो.

आमचें बिऱ्हाड सेमाडोहास आहे. मेळघाटाच्या अरण्यांत सिपना नदीच्या कांठीं हें गांव वसलें आहे. चिखलदरा आमच्याच तालुक्यांत, पण तें सुमारें ११०० मीटर उंचीवर; आम्ही खालीं खोऱ्यांत. त्यामुळें तेथला गारवा आमच्या वांट्यास येत नाहीं. अंगणांत बाज टाकून निजण्याची वऱ्हाडी रीत आहे खरी. परंतु व्याघ्रप्रकल्पाच्या पोटांत राहून तसें निजण्याचा आमच्या वृद्ध मातोश्रींस धीर होत नाहीं. रात्र कवेलूंच्या छपराखालींच काढावी लागते.

यंदा दोन पंखे घ्यावयाचे ठरले, तेव्हां ते कोठें टांगावेत यावर घरांत बराच खल झाला. ओघानेंच प्रत्येकाच्या तोंडीं दिवाणखाना आला. तेव्हां मातोश्री म्हणाल्या, “अरे, वारा कोणास लागायचा तें आधीं ठरवा, मग पंखा कसला तें पाहा.” त्यांच्या सांगण्यावरून आम्हीं सरळ हिशेबच मांडला. दिवाणखान्यांत माणसें बसतात तीं सायंकाळीं तास-दोन तास. मातोश्री आपल्या खोलींत दिवसाचे सोळा तास असतात. स्वयंपाकघरांत घरच्या गृहिणीचे पांच-सहा तास जातात, आणि तेथें वारा असा मुळींच नसतो. कारण पंखा लावला कीं शेगडीची ज्योत फडफडते. हे आंकडे कागदावर उतरल्यावर दिवाणखान्याचा कैवार घेण्यास कोणीही पुढें आलें नाहीं.

जुन्या काळीं कचेऱ्यांतून छतास झालरीचा पंखा टांगलेला असे आणि बाहेर बसलेला गडी त्याची दोरी ओढीत असे. साहेबाच्या अंगावर वारा आणि दोरी ओढणाऱ्याच्या अंगावर घाम, अशी ती वांटणी होती. पुढें १८८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत फिलिप डील यानें विजेवर चालणारा छताचा पंखा तयार केला, आणि कालांतरानें दोरी गेली. वांटणी मात्र पुष्कळ घरांतून तशीच राहिली. पाहुणा वाऱ्याखालीं बसतो आणि त्याच्यासाठीं पोळ्या लाटणारी घामानें निथळत असते.

जागा ठरल्यावर प्रश्न आला विजेचा. नेहमीचा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो. अलीकडे जे ‘बी. एल. डी. सी.’ या नांवाचे पंखे निघाले आहेत ते ३० वॅटांच्या आसपास वीज घेऊन जवळजवळ तितकाच वारा देतात. १२०० मिलिमीटर पात्यांचा पंखा मिनिटास सुमारें २१० ते २२० घनमीटर हवा हालवितो; एका वॅटास किती हवा हालली, यावर त्याची पारख करावी. छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची पट्टी असणें १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचें झालें आहे, आणि ते तारे याच हिशेबानें मिळतात. रोज बारा तास चालविल्यास जुना पंखा महिन्यास २७ युनिटें घेईल, नवा ११. युनिटास आठ रुपये धरले तर महिन्यास सव्वाशेंच्या वर रुपये वांचतात. म्हणजे किंमतींतील हजार-दीड हजारांचा फरक साधारण एका वर्षांत भरून निघतो.

परंतु आम्हांस महत्त्वाची वाटली ती बचत निराळीच. आमच्याकडे वादळी पावसांत वीज जाते, म्हणून ४० अँपिअर-तासांची एक लहानशी बारा व्होल्टांची बॅटरी ठेवलेली आहे. तिचें आयुष्य टिकवावयाचें तर तिच्यांतील निम्मीच वीज वापरावी. ती भरते सुमारें २४० वॅट-तास. तेवढ्यावर जुना एक पंखा तीन तास चाले, आणि तो कोणाच्या खोलींत चालवावा हें दर वेळीं ठरवावें लागे. आतां तितक्याच विजेवर दोन पंखे चार तास चालतात.

तारेच्या शेवटच्या टोंकास राहणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विजेचा दाब २३० वरून १६० व्होल्टांवर आला कीं जुन्या पंख्याचें बळ निम्म्यावर येतें आणि पातीं नुसतीं डोलतात. नवा पंखा कमी दाबावरही आपला वेग सोडीत नाहीं. किती दाबापर्यंत, तें खोक्यावर छापलेलें असतें. उलट पक्षीं, जुन्या पंख्याचा कपॅसिटर गांवचा कारागीरही थोडक्या पैशांत बदलून देतो. नव्याचें इलेक्ट्रॉनिक सर्किट बिघडलें तर घाट उतरून परतवाड्यास जाण्यावांचून गत्यंतर नाहीं. यासाठीं हमी किती वर्षांची, आणि सुटा भाग तेथेंच मिळतो कीं कसें, हें दोन्ही विचारून घ्यावें.

परतवाड्याच्या दुकानदारानें आमचें स्वागत केलें तें “हॉलसाठीच पायजे ना, साहेब?” या प्रश्नानें. आम्हीं त्यास छपराची उंची सांगितली, तेव्हां तो गंभीर झाला. पातीं जमिनीपासून निदान २.४ मीटर उंच असलीं पाहिजेत आणि छपरापासून निदान ३० सेंटिमीटर खालीं. एरव्हीं हात लागण्याचें भय असतें, किंवा वाराच नीट पडत नाहीं. मातोश्रींच्या खोलीसाठीं १२०० मिलिमीटरचा आणि माजघरासाठीं ९०० मिलिमीटरचा पंखा आम्हीं घेतला. माजघरांतील पंखा स्वयंपाकघराच्या दाराशीं असा टांगला आहे कीं वारा पोळपाटापर्यंत पोंचतो, शेगडीपर्यंत नाहीं. दिवाणखान्यांत जुनाच पंखा फिरत आहे.

एवढें करूनही पंख्यावर विसंबूं नये. पंखा हवा थंड करीत नाहीं. तो अंगावरचा घाम वाळवितो, म्हणून आपणांस गार वाटतें. खोलींत कोणी नसतां तो चालविणें म्हणजे वीज फुकट घालविणें होय. हवाच ४० अंशांवर गेली कीं कोरड्या अंगावर त्याचा वारा उलट ताप देतो. अशा वेळीं तो वापरूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तेव्हां भर दुपारीं वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा कूलर लावावा, अंग ओल्या पंचानें पुसावें, आणि वृद्धांस तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी द्यावें.

आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, पंखा आणावयास निघण्यापूर्वीं घरांतील कोणतें माणूस कोणत्या खोलींत किती तास असतें, याचा कागद एकदां करून पाहावा. कित्येक घरांत, जिला कोणीं कधीं विचारलेंच नाहीं, तिचें नांव त्यांत पहिलें येईल.