सफारीची बॅग आणि सहावी जागा

मे महिन्याची सुट्टी लागली की पालममध्ये उन्हापासून लपून बसण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. मुले जांभूळबेट दाखवा म्हणून मागे लागतात, पाहुण्यांकडे दोन दिवस जाऊन येतात, तेवढ्यात जून उजाडतो. या वेळी मात्र तिन्ही मुलांनी साठवलेली ईदी आमच्यापुढे ठेवली आणि जाहीर केले, "या सुट्टीत वाघ बघायचा."

आम्ही दोघेही शाळेत शिकवतो, त्यामुळे आधी खर्चाचा हिशोब मांडला. ताडोबा लांब पडत होते. नांदेड, किनवट, आदिलाबाद या वाटेने टिपेश्वर त्या मानाने जवळ. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याजवळचे हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे, म्हणजे तसे लहानच. पण याच जंगलातला एक तरुण वाघ २०१९ साली घर सोडून निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातली शेते, नाले, रस्ते ओलांडत, आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातून जात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. तेराशे किलोमीटरहून जास्त! लोकांनी त्याचे नावच 'वॉकर' ठेवले. त्याने सोबत काहीच घेतले नव्हते. आम्हाला दोन दिवसांसाठी मात्र चौतीस वस्तू लागत होत्या.

ती यादी आम्ही शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर केली होती. दुर्बीण, टोप्या, बूट, गॉगल, फराळाचे डबे, गाण्यांचा स्पीकर, फोटोसाठी नवे कपडे. खाली जिप्सीतल्या जागा लिहिल्या. सफारीच्या जिप्सीत चालक आणि गाईड सोडून सहा जणांना बसता येते. आम्ही पाच. सहाव्या जागेपुढे आम्ही लिहिले, 'बॅगा'.

धाकट्याने ते वाचले आणि विचारले, "मग दादी कुठे बसणार?"

अम्मी जवळच लसूण सोलत बसल्या होत्या. आम्ही गडबडीने सांगू लागलो, दादीचे गुडघे दुखतात, शुगर आहे, उन्हाचा त्रास होईल, दोन दिवस त्या फुप्पूकडे राहतील. अम्मींनी मान वर न करता म्हटले, "मेरे कू लेके क्या करते बेटा. तुमारे सफर में बोझा."

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. अम्मींना त्रास होईल हे आम्ही ठरवले होते, फुप्पूलाही फोन करून ठेवला होता. पण त्यांना यायचे आहे का, हे एकदाही विचारले नव्हते. चौतीस वस्तूंची काळजी घेतली, त्या पडू नयेत म्हणून जागा राखली, आणि जिने आम्हाला सफर शिकवली, तिलाच घरी ठेवून निघालो होतो. सफारी हा शब्दही आपल्या 'सफर'चाच. अरबीतून आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत गेला आणि तिथून जगभर पसरला. वर्गात मुलांना हे कौतुकाने सांगणारे आम्ही, घरातल्या मुसाफिराला विसरलो.

त्या रात्री आम्ही अम्मींना विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर हां बोले तो आती."

दुसऱ्या दिवसापासून यादी नव्याने सुरू झाली. डॉक्टरांनी हो म्हटले, पण अटी घातल्या. अम्मी इन्सुलिन घेतात. ते बंद गाडीच्या उन्हात राहिले की निकामी होते आणि बर्फाला चिकटून गोठले तरी निकामी होते. म्हणून रुंद तोंडाचा थर्मास घेतला, आत थंड पाण्याची लहान बाटली आणि कापडात गुंडाळलेले इन्सुलिन. थर्मास डिकीत न ठेवता पायाशी ठेवायचा. पहाटेच्या सफारीत न्याहारीला उशीर होणार, म्हणून त्या दिवशीचा डोस कधी आणि किती, ते डॉक्टरांकडून लिहून घेतले. शुगर अचानक उतरली तर हाताशी असावी म्हणून ग्लुकोजची पुडी त्यांच्याच बटव्यात. हे सगळे अम्मींपुरते. आपल्या घरच्या माणसासाठी आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

बुकिंग करताना दुसरी गोष्ट लक्षात आली. गेटवर मूळ ओळखपत्र बघतात. अम्मींच्या रेशन कार्डावर नावापुढे 'बी' आहे, आधारवर 'बेगम'. आपल्या किती घरांत ही गंमत आहे! जे ओळखपत्र सोबत न्यायचे, त्यावरचेच नाव अक्षरन् अक्षर भरले.

मग कपड्यांचा विषय निघाला. मुलाला पांढरा कुर्ता हवा होता, मुलीला ईदचा लाल सूट. जंगलात मळखाऊ रंग बरे: खाकी, चॉकलेटी, मेंदी. हरणांना केशरी आणि हिरव्या रंगातला फरक कळत नाही, म्हणून एवढा पिवळाधमक वाघ त्यांना गवतात दिसत नाही. पांढरा रंग मात्र लांबून चमकतो. ऊन आणि धूळ दोन्हींसाठी सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घेतले. धुळीसाठी महागडे मास्क आणायची गरज पडली नाही. डोके आणि नाक झाकणारी सुती ओढणी बायकांकडे होतीच, पुरुषांनी मोठे रुमाल घेतले. अत्तराची कुपी घरी राहिली. जंगलात उग्र वास नको, हे मुलांच्या अब्बांना पटवायला थोडा वेळ लागला.

सफारी सकाळची घेतली. दुपारच्या फेरीत असरची वेळ जिप्सीतच येते आणि जंगलात गाडीतून खाली उतरायला मनाई असते. पहाटे मुक्कामावर फजर पढून निवांत निघता येते. जानमाज एकच पातळशी घेतली, वजूसाठी लोटा घेतला. तोशा अम्मींनी स्वतः बांधला: ज्वारीच्या दशम्या, लसणाची चटणी, उकडलेली अंडी, मीठी टिकिया. आडवाटेला हलाल मिळेल की नाही, ही चिंताच मिटली. पाणी स्टीलच्या बाटल्यांत भरले, कारण जंगलात प्लास्टिक टाकून येणे म्हणजे मुक्या जिवांच्या घरात कचरा फेकणे. स्पीकर यादीतून गेला. नवे कपडे गेले. बॅगा मुक्कामाच्या खोलीवरच राहतील, असे ठरले. चौतिसाच्या एकोणीस झाल्या आणि सहाव्या जागेवर अम्मींचे नाव आले.

जिप्सीत त्यांना चालकाच्या लगेच मागच्या ओळीत बसवले आणि खाली घरची उशी ठेवली. मागच्या चाकांवरच्या जागेला धक्के जास्त बसतात. वाघ दिसला नाही. ओल्या मातीत त्याच्या पावलांचे ताजे ठसे दिसले, चितळांचा इशाऱ्याचा आवाज ऐकू आला आणि गाडीतले सगळे श्वास रोखून बसले. रोही दिसल्यावर मुले हरखली, तर अम्मी हळूच म्हणाल्या, "ये तो अपने खेत में मुफ्त में आते." गाईडलाही हसू आवरेना. फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी तसबीह हातातून सोडली नव्हती. गुडघ्यांचे नाव एकदाही काढले नाही. अल्हम्दुलिल्लाह, शुगरही ठीक राहिली.

पालमला परतल्यावर बॅग रिकामी केली. एकोणिसातल्याही काही वस्तू घडी न मोडता परत आल्या होत्या: जादा बूट, गॉगल, सुक्या मेव्याचे पाकीट. अम्मींसाठी म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू मात्र सगळ्यांच्या कामाला आली. उशीवर धाकटा परतीच्या वाटेत झोपला. थर्मासमधल्या गार बाटलीने मुलीच्या तापलेल्या कपाळाला आराम पडला. दशम्या तर आदिलाबादच्या आधीच संपल्या. ज्यांना आम्ही बोझा समजत होतो, त्यांच्यामुळेच आमचे सामान नीट बांधले गेले होते. आता आमच्या घरी सफरीची यादी करताना आधी माणसे लिहितो, त्यांना विचारतो आणि मग वस्तूंकडे वळतो.

संध्याकाळी अम्मींनी थर्मास धुऊन ओट्यावर पालथा घातला आणि विचारले, "वो ताडोबा कब खुलता?"

पावसाळ्यात गाभ्याचे जंगल बंद असते, ऑक्टोबरात उघडते, असे आम्ही सांगितले. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या, "इन्शा अल्लाह. थर्मास संभाल के रखो."