टेकायला जागा

मनोरुग्ण विभागाचा नकाशा काढताना हात आधी हुकापाशी थांबतो. पंख्याचा हूक, पडद्याची दांडी, नळाची मान, दाराची मूठ. जिथे दोरी अडकेल ते काढायचं किंवा उतरतं करायचं. खिडकी चार बोटांहून जास्त उघडू द्यायची नाही. न्हाणीचं दार बाहेरही उघडलं पाहिजे, नाहीतर आत कुणी दाराला पाठ लावून बसलं की परिचारिका बाहेरच राहते. हे शिकता येतं. अवघड आहे ते हा बंदोबस्त नजरेआड ठेवणं. इंग्लंडात यॉर्कला १७९६ साली ‘रिट्रीट’ उघडलं, तिथल्या खिडक्यांच्या चौकटी लोखंडी होत्या, पण दिसायच्या लाकडी. गज दिसला की माणूस स्वतःला कैदी समजतो, आणि तसाच वागू लागतो.

आमच्याकडचे रुग्ण नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जातात. ते १८६४ सालचं. त्या काळी अशा इमारती कोंडण्यासाठीच बांधत. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने एकांतकोठडीला मनाई केली, रुग्णाला खासगीपणाचा हक्क दिला. पण तो हक्क बजावायला भिंती कुठे घालायच्या, हे नकाशा काढणाऱ्या आम्हालाच ठरवावं लागतं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला स्वतंत्र खोल्या, बागा आणि कमी गोंगाट असलेली नवी इमारत झाली. जुन्या इमारतीच्या मानाने तिथे रुग्णांना बांधून ठेवण्याचे प्रसंग बरेच घटले, असं रॉजर उलरिक यांच्या २०१८च्या अभ्यासात दिसलं.

अशा मोकळ्या जागेचा धडा मला घरचाच आहे. माझं गाव वऱ्हाडातलं रिद्धपूर. तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभू इथे राहिले. लोक त्यांना वेडे म्हणत, आणि माय-बापही म्हणत. ‘ऋद्धिपूरचरित्र’ या त्यांच्या चरित्रात ते कुणाच्याही घरात शिरतात, देवळांतून हिंडतात, मनाला येईल तिथे खेळतात. त्यांच्या लीळांच्या जागी आज ओटे आहेत. त्यांचं देवपण हा श्रद्धेचा विषय. बांधकामाच्या नजरेला मात्र दिसतं, की हिंडायला वाट होती, टेकायला जागा होती, आणि कुणाच्या किती जवळ जायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं.

विभागात मी तेवढंच साधू पाहतो. व्हरांडा वळून पुन्हा स्वतःलाच मिळतो, म्हणजे येरझारा घालणाऱ्याला कुठे भिंत आडवी येत नाही. कडेला, वऱ्हाडच्या उन्हापासून आडोसा धरून, दोघांपुरते ओटे. तिथे बसलेला माणूस परिचारिकेच्या टेबलावरून दिसतो, पण तिच्या तोंडासमोर नसतो. सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवलं की भांडण टाळायलाही जागा उरत नाही.

मंजुरीच्या बैठकीत खाटा मोजतात. काटछाट आली की पहिली कात्री या ओट्यांना लागते. म्हणून अंदाजपत्रकात त्यांच्यापुढे मी ‘उपचार’ असं लिहितो. त्यात काही खोटं आहे असं मला वाटत नाही.