वेश दिलेला, बोलणे आपले

८ डिसेंबर, पेडणे

भाचा सुट्टीवर आला आणि त्याने माझ्या मोबाइलवर ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ टाकून दिला. म्हणाला, “मामा, पैसे भरू नकोस. आधी फुकटात हिंडून बघ.” मूळ रूनस्केप अँड्र्यू आणि पॉल गावर या इंग्रज भावांनी २००१ साली सुरू केला. पुढे खेळ इतका बदलला की पुष्कळांना जुनाच हवासा वाटू लागला. तेव्हा खेळ चालवणाऱ्या कंपनीने खेळाडूंचा कौल घेतला आणि २००७ सालची राखून ठेवलेली प्रत २०१३ मध्ये पुन्हा खुली केली. चेहरे ठोकळेबाज आहेत, झाडेही मोजक्या रेषांची. मला ते आवडले. डोळ्यांना कमी मिळते, तिथे मन कामाला लागते.

सुरुवातीला एका बेटावर धडे मिळतात. जाळ्याने सुंगटे धरायची, लाकूड तोडून विस्तव पेटवायचा, सुंगटे भाजायची, पीठ भिजवून पाव करायचा. जादू सगळ्यात शेवटी. राक्षस मारायला निघालेल्याला आधी पोट भरायला शिकवतात, हे शहाणपणाचे आहे.

१० डिसेंबर, डिचोली

शाळेच्या मधल्या सुट्टीत बेटावरचा खाणीचा धडा केला. कुदळीने तांबे आणि कथील काढायचे, भट्टीत एकास एक वितळवले की कांसे तयार; मग ऐरणीवर ठोकून त्याची सुरी. खऱ्या काशात तांबे कितीतरी जास्त असते. तरी दोन धातू एकत्र आल्यावर तिसरे काही घडते, एवढे कळतेच.

मन थबकले ते दुसरीकडे. खनिज काढले की खडक रिता होतो आणि काही सेकंदांत पुन्हा भरतो. मागून येणाऱ्यालाही वाटा मिळावा म्हणून खेळाला तसे करावेच लागते. पण डिचोलीत बसून ते सहज बघवत नाही. इथल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ट्रकांच्या कर्जाचे हप्ते, शेतात उतरलेला गाळ, पाण्याने भरलेले खोल खड्डे हे माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरचे विषय आहेत. खेळातला हा पुन्हा भरणारा खडक त्यांना दाखवून त्यांच्याशी बोलायचे ठरवले आहे.

१३ डिसेंबर, पेडणे

बेट सुटले, लंब्रिज गावात आलो. किल्ल्याच्या स्वयंपाकघरात आचारी घाबराघुबरा उभा. ड्यूकचा वाढदिवस, केक करायचा आणि सामान आणायला तो विसरलेला. अंडे खुराड्यातून उचलले, दूध गाईचे काढले. पिठासाठी मात्र शेतातून गहू खुडावा लागला, गिरणीच्या वरच्या मजल्यावर नेऊन घालावा लागला, दांडा ओढावा लागला आणि मग खाली उतरून मडक्यात पीठ भरावे लागले. दळणाचा हा सगळा प्रवास कोणी इतक्या आस्थेने खेळात घातला, त्याचे कौतुक वाटले.

शेती मात्र स्वतः करता येत नाही. फुकटात पंधरा कौशल्ये मिळतात, शेती वर्गणी भरणाऱ्यांसाठी राखलेली. फुकटचा भागही भरपूर मोठा आहे, त्यामुळे तक्रार नाही. उणे वाटले ते वेगळे: आचारी माझ्याशी जे बोलला, तेच तो आलेल्या प्रत्येकाशी शब्दन्‌शब्द बोलतो.

१७ डिसेंबर, पहाटे

रात्रभर देवळात दशावतारी काला पाहिला. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती, रिद्धी-सिद्धी येऊन गेले. काळ्या पोशाखातल्या संकासुराने हुज्जत घातली. मग आख्यान. आमच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, प्रवेश ठरतात, संवाद नटाचे. मी रंगपटात बसलो होतो. राजाचे काम करणारा नट मुकुट बांधता बांधता प्रधानाला एवढेच म्हणाला, “तू नाही म्हण, मी रागावतो.” त्यावर दोघांनी तो प्रवेश असा रंगवला की पेंगणारी माणसेही सावरून बसली. मांडलेले एक बाकडे कधी सिंहासन झाले, कधी डोंगर. झांज वाजली की राजाचा राग चढे, पखवाज थांबला की तो उतरे.

१९ डिसेंबर, पेडणे

लंब्रिजच्या गाईंच्या कुरणात चिलखत घातलेला एक अनोळखी खेळाडू आडवा आला. त्याच्या डोक्यावर पिवळी अक्षरे उमटली: दूध काढायला ड्यूकची परवानगी आहे का? मी लिहिले, परशुरामाच्या भूमीतून आलेला दूत आहे मी, परवानगी तुमच्या ड्यूकनेच माझ्या राजाकडे मागावी. तो खवळला, मी अडून राहिलो. चार-पाच जण थांबले. एकाने न्यायाधीशाची भूमिका घेतली आणि खटलाच उभा राहिला. कंपनीने यातले एक वाक्यही लिहिलेले नव्हते.

या खेळाचे खरे बळ मला इथे दिसले. किल्ला, गाई, गिरणी, वेश हे सगळे आयते मिळते. पात्र उभे राहते ते समोरच्याला उत्तर दिल्यावर. बरेच खेळाडू मुकाट्याने खनिज फोडून आकडे वाढवत असतात, त्यांच्या वाट्याला हे येत नाही. रात्र रात्र संवाद ऐकत वाढलेल्या पेडण्याच्या मुलांकडे मात्र हे बोलणे घरचेच आहे. त्यांनी या खेळात उतरावे आणि तोंड उघडावे.