सीतेची वेणी आणि बांडगूळ

वळवाच्या पावसानंतर, मृगाच्या आगेमागे, खानापूर-जांबोटीकडच्या जुन्या आंब्या-जांभळांवर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. वीतभर लांब आणि कोल्ह्याच्या शेपटीसारखे झुपकेदार. मराठीत आपण त्याला 'सीतेची वेणी' म्हणतो. माझ्या सासूबाई शिरसीकडच्या. त्या म्हणतात 'सीताळे दंडे'. दंडे म्हणजे केसांत माळायची फुलांची माळच. दोन्ही भाषांनी हे फूल एकाच सीतामाईच्या केसांत माळले, याचे मला फार अप्रूप वाटते. आसामचे हे राज्यफूल आहे. तिथे त्याला 'कपौ फूल' म्हणतात आणि बिहूच्या सणाला मुली तेही केसांतच माळतात. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. कूळ आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे.

पण फुले गळून गेली, की हीच सीतेची वेणी लोकांच्या लेखी बांडगूळ होते. कन्नडमध्येही झाडावरचे काहीही हिरवे दिसले, की 'बदनिके' म्हणून मोकळे होतात.

आमच्या काकांच्या बांधावर एक जुना आंबा आहे. दोन वर्षे मोहोर कमी आला, तेव्हा त्यांनी गडी बोलावला, कोयता काढला आणि मला म्हणाले, "झाडाचं सगळं सत्त्व ओढून घेतंय रे हे. खरवडून टाकूया की."

मी म्हणालो, "काका, तुमचं म्हणणं खरं आहे, पण चोर दुसराच आहे. वर बघा."

वरच्या फांदीवर खरे बांडगूळ होते. जाड पाने, नळीसारखी नारिंगी फुले, आणि जिथे ते फांदीला जोडलेले तिथे फुगलेली गाठ. बांडगुळाचे मूळ झाडाच्या आत शिरून पाणी आणि क्षार ओढते. फुलटोच्यासारखे लहान पक्षी त्याची फळे खातात आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसून ठेवतात, म्हणून ते पसरते. काकांनी ती फांदी गाठीच्या खालून तोडली, ते योग्यच झाले.

सीतेच्या वेणीचे तसे नाही. तिची मुळे सालीला नुसती धरून असतात, आत शिरत नाहीत. त्यांच्यावर स्पंजासारखे पांढुरके आवरण असते. पाऊस, धुके, दव यांतले पाणी ते टिपून घेते. कोरडे मूळ चंदेरी दिसते. त्यावर पाणी शिंपडले की हिरवे होते. काकांना मी तांब्याभर पाणी ओतून तेच दाखवले. भाड्याची खोली आणि घरफोडी, एवढा या दोघांत फरक आहे.

हा घोटाळा आजचा नाही. अमरकोशात 'वंदा' या शब्दाच्या पंगतीला 'वृक्षादनी' म्हणजे झाड खाणारी आणि 'वृक्षरुहा' म्हणजे झाडावर वाढणारी, अशी दोन्ही नावे बसली आहेत. पुढे याच वंदावरून एका ऑर्किडच्या गटाला 'व्हँडा' हे शास्त्रीय नाव मिळाले.

एक वेणी खरवडायला अर्धा मिनिट पुरतो. ती यायला मात्र किती जुळून यावे लागते, पाहा. आमरीच्या एका बोंडात धुळीसारख्या हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. बीमध्ये अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. ती वाऱ्याने योग्य सालीवर पडली पाहिजे, तिथे योग्य बुरशी असली पाहिजे, आणि त्या बुरशीने तिला पहिले अन्न दिले पाहिजे. नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1899 साली हे नाते ओळखले. त्यानंतर पहिले फूल दिसायला आणखी काही वर्षे जातात.

म्हणूनच नुसती झाडे लावून भागत नाही. निलगिरीची साल सोलून गळते. तिच्यावर आमरी टिकत नाही. तिला खरबरीत सालीचे, वयस्क झाड लागते. रस्ता रुंद करताना असा एक आंबा पडला, की त्याच्यासोबत बुरशी, शेवाळे आणि वेण्या यांचे एक अख्खे बिऱ्हाड उठते. त्याच्या बदल्यात लावलेल्या दहा रोपांना ते बिऱ्हाड पुन्हा वसवायला दोन पिढ्या लागतील. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने 2019 साली देशातल्या ऑर्किडच्या 1,256 जाती नोंदवल्या. त्यांतल्या 388 भारताबाहेर कुठेच नाहीत. त्यांतल्या कितीतरी आपल्याच सह्याद्रीत आहेत.

आपल्या हातात काय आहे? कोयता लावण्यापूर्वी जोड पाहावा. गाठ असेल तर बांडगूळ, मोकळी चंदेरी मुळे असतील तर आमरी. वादळात फांदी मोडून वेणी खाली आली, तर ती घरी आणून कुंडीतल्या मातीत लावू नये, मुळे कुजतात. जवळच्याच खरबरीत सालीच्या झाडावर, थोड्या सावलीत, सुतळीने किंवा काथ्याने बांधावी. पावसाळ्यात मुळे धरली, की सुतळी आपोआप कुजून जाते. आणि झाडावरची वेणी झाडावरच राहू द्यावी. फूल घरी नेऊन चार दिवस टिकेल. बोंड झाडावर पिकले, तर त्याची धूळ कुठवर जाईल हे वाराच ठरवेल.