बागेतली लोकल

लंडनच्या मेरिलबोन स्टेशनवरून ट्रेन पकडली, साधारण अर्ध्या तासात बीकन्सफील्ड. तिथलं बेकनस्कॉट म्हणजे बागेत वसवलेलं अख्खं गाव. घरं जेमतेम माझ्या कमरेएवढी आणि मधून धावणारी रेल्वे! १९२९ साली हे लोकांसाठी खुलं झालं. उभं केलं कुणी? रोलंड कॅलिंगहॅम या अकाउंटंटनं. बॉस, आपल्यासारखाच आकडेमोडीतला माणूस!

रूळ फक्त ४५ मिलिमीटर रुंद. घरं खऱ्याच्या बाराव्या हिश्शाची, गाड्या बत्तिसाव्या. पण बघताना हे गणित कुणाच्या डोक्यात येतंय?

मला भावली ती इंजिनं. शोकेसमधल्या नाजूक इंजिनाला ही ड्युटी झेपायची नाही. ऊन, पाऊस, रुळांवरची पानं आणि दिवसभर फेऱ्या. बागेतल्या इंजिनाला दणकट मोटर हवी, चाकांची पकड सुटू नये म्हणून अंगात वजन हवं. चाकं झिजतात, बदलावी लागतात. वरचं रूप जुनंच, आतलं मशीन मात्र नवं.

आपण हौस रविवारवर ढकलतो, मग तो रविवार येतच नाही. कॅलिंगहॅम कधीच गेले. त्यांच्या गाड्या मात्र अजून धावतायत, कारण कुणीतरी रोज हात काळे करतंय.